धाव, डनलॉप आणि बैलाची मान

दिवाळीच्या आगेमागे कृष्णाकाठावर ऊसतोडीच्या टोळ्या उतरू लागतात. कारखान्यांच्या शेती विभागाच्या बोलीत या टोळ्यांचे तीन प्रकार रूढ आहेत: गाडी सेंटर, टायर सेंटर आणि डोकी सेंटर. लाकडी चाकांची स्वतःची गाडी आणि स्वतःचे बैल घेऊन येणारे ते गाडी सेंटरचे. बैल स्वतःचे, पण रबरी टायरची गाडी कारखान्याकडून भाड्याने घेणारे ते टायर सेंटरचे. आणि ज्यांच्याकडे गाडीही नाही व बैलही नाहीत, जे मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढतात, ते डोकी सेंटरचे. बीडचा असो, पाथर्डीचा असो की आपल्याच जत तालुक्यातला असो, माणसाची हंगामापुरती ओळख त्याच्या चाकावरून ठरते.

चाकावरून माणसे ओळखण्याची ही रीत मला विलक्षण वाटत आली आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत बैलगाडीचे चाक गेल्या पावणेदोनशे वर्षांत कसे बदलले, कोणी बदलले आणि त्या बदलाचा हिशेब कोणाच्या नावावर पडला, याची माहिती मी काही वर्षे जमवतो आहे. मोटारींचा शौक असलेले लोक जुन्या गाडीला कोणती रिम शोभेल, कोणता टायर बसेल यावर रात्री जागवतात. आपल्याकडे हाच प्रश्न शेतकऱ्यापुढे उभा होता: लाकडी चाकावर लोखंडी धाव ठेवावी, की रबरी टायर घ्यावा? प्रश्न शोभेचा नव्हता. त्यावर बैलाचे आयुष्य, सुताराचे पोट आणि गाडीवानाची उचल अवलंबून होती.

(वाचकांसाठी एक खुलासा. १९४९ पर्यंत आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग साताऱ्यातच होता. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून या लेखात दोन्ही जिल्हे एकत्र येतात. चाकाला ती हद्द ठाऊक नव्हती.)

बैलगाडी म्हटली की आपण ती अनादी काळापासून चालत आलेली धरतो. आज जिला आपण ‘पारंपरिक’ म्हणतो, त्या बारीक आऱ्यांच्या, लोखंडी धावेच्या गाडीचे दख्खनमधील वय मात्र दोनशे वर्षांपेक्षा कमी आहे. त्यापूर्वी माल हलवण्याचे मुख्य साधन लमाणांचे तांडे हे होते. गोण्या पाठीवर घेतलेल्या बैलाला रस्ता लागत नाही, पाऊलवाट पुरते. गाडे होते, पण ते भरीव चाकांचे, अवजड, गावातल्या गावात खत आणि कडबा वाहण्याच्या कामाचे. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, तेव्हा घाटावरचा माल गाडीने मुंबईकडे उतरण्याची सोय झाली. मात्र त्या रस्त्यावर चालेल अशी गाडी शेतकऱ्याजवळ नव्हती. मुंबई इलाख्याच्या महसूल मोजणी खात्यातील गेसफर्ड नावाच्या एका लेफ्टनंटने १८३६ च्या सुमारास हलक्या गाडीचा नमुना तयार केला आणि सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णीला अशा गाड्या बांधण्याचा कारखाना निघाला. अडचण दोन गोष्टींची होती. लोखंडी धावा महाग होत्या आणि त्या बसवणारे कसबी कारागीर मिळत नव्हते. दोन्ही अडचणी हळूहळू दूर झाल्या आणि तो नमुना गावोगावच्या सुतार-लोहारांनी उचलला.

मला यात महत्त्वाचे वाटते ते हे: गाडी आली ती सरकारी गरजेतून, पण पिढी-दोन पिढ्यांत ती इतकी गावाची झाली की तिचा परकेपणा कोणाच्या लक्षातही राहिला नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ मध्ये आपल्या ग्रंथाला ‘गावगाडा’ हे नाव दिले, तेव्हा गाडा ही वस्तू गावाचेच दुसरे नाव होऊन बसली होती.

हे चाक तयार कसे होत असे, ते सविस्तर सांगितले पाहिजे, कारण ते पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. लाकूड बाभळीचे. तोडलेली बाभळ लगेच कामाला घेत नसत; ती वाळवावी लागे, नाहीतर चाक पहिल्याच उन्हाळ्यात खिळखिळे होई. मधला जाड गोळा तो तुंबा. त्याच्या पोटात कण्यासाठी लोखंडी नळी. तुंब्याला खाचा पाडून त्यांत आरे ठोकायचे आणि आऱ्यांच्या टोकांवर पुठे, म्हणजे परिघाचे वक्र तुकडे बसवायचे. बहुधा एका पुठ्यात दोन आरे. इथवर काम सुताराचे. पण हे चाक तसेच चालवले तर कोसभरही टिकायचे नाही. त्याला आवळून धरणारी वस्तू म्हणजे धाव, आणि ती लोहाराची.

धाव बसवण्याचा दिवस गावात कार्यासारखा असे. माझ्या लहानपणी वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी मी तो दोन-तीनदा पाहिला. लोहार आधी चाकाचा परीघ मोजून घेई. त्यासाठी तो चाकावर खडूची खूण करून ते पट्टीवरून एक फेरा फिरवी. धाव या मापापेक्षा मुद्दाम थोडी लहान करायची. मग शेणकुटांचे गोल आळे रचून त्यात ती लाल होईपर्यंत तापवायची. साडेचार फूट व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे चौदा फूट. लोखंड पाच-साडेपाचशे अंश तापले तर एवढ्या लांबीत इंचभराने वाढते. सुतार-लोहाराची सगळी विद्या त्या एका इंचात. चार जण सांडशीने ती जळती कडी उचलून चाकावर ठेवत, घण घालून खाली बसवत, लाकूड धूर सोडू लागे आणि लगेच भोवतालच्या बायका-पोरांनी भरून ठेवलेल्या घागरी ओतल्या जात. लोखंड आकसताना सांधे करकरत. आरे तुंब्यात घट्ट बसत. धाव लहान पडली तर आरे वाकत किंवा पुठे चिरत; मोठी झाली तर महिनाभरात ढिली होई. खिळ्यांनी ती धरून ठेवता येत नाही, तिचा ताणच तिला धरून ठेवतो.

उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसले की हा ताण कमी व्हायचा. ‘चाक बोलाय लागलं’ असे म्हणत. मग गाडी ओढ्यात किंवा नदीच्या उथळ पाण्यात नेऊन रात्रभर उभी करायची. लाकूड फुगले की धाव पुन्हा घट्ट. इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबलच्या एका प्रसिद्ध चित्रात गाडी पाण्यात उभी दिसते. ती चाके भिजवायलाच उभी असावी, असे तिथले जाणकारही म्हणतात. कृष्णा-वारणेच्या काठच्या शेतकऱ्याला ते चित्र समजायला टीपेची गरज पडली नसती.

या चाकाची दुरुस्ती बलुत्यात होती. नवे चाक करायचे तर त्याचे पैसे किंवा धान्य वेगळे. पण आरा बदलणे, पाचर ठोकणे, धाव आवळणे ही कामे सुतार आणि लोहार वर्षाच्या बलुत्यावर करत. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही. बलुतेदाराची अडवणूक तीत पुरेपूर होती. एवढे मात्र खरे की चाकाचा कोणताही भाग गावाबाहेरून आणावा लागत नव्हता, लोखंडी पट्टीचा अपवाद सोडला तर. आणि मोडले तर ते कोण नीट करणार, याचे उत्तर हाकेच्या अंतरावर होते.

सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. पुढच्या चाळीस वर्षांत पुणे-सातारा-कोल्हापूर रस्ता, कुंभार्लीचा घाट आणि १८८०-९० च्या दशकात पुण्याहून मिरजेकडे आलेली रेल्वे यांनी या गाडीला भरपूर काम दिले. रेल्वेने गाडी संपवली नाही, उलट वाढवली. कारण या मार्गावरची स्टेशने गावांना टाळून गेली होती. कराडचे स्टेशन गावाबाहेर ओगलेवाडीच्या बाजूला आणि साताऱ्याचे तर कोरेगाव तालुक्यात, ‘सातारा रोड’ या नावाचे. स्टेशन आणि पेठ यांच्यामधले अंतर बैलाच्या वाट्याला आले. गूळ, हळद, भुईमुगाच्या शेंगा, सगळे धावेवरून स्टेशनात जात असे.

मग मोटार आली आणि धाव आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली.

खडी आणि मुरुम दाबून केलेला रस्ता धावेच्या चाकाने कसा खराब होतो, हे समजायला अभियंता व्हावे लागत नाही. धाव दीड-दोन इंच रुंद. तिचा जमिनीला टेकणारा भाग बोटभराचा. भरलेल्या गाडीचे निम्मे ओझे त्या बोटभर जागेवर येते. शिवाय सगळ्या गाड्या एकाच चाकोरीतून जातात. बैल चाकोरी सोडत नाही. हवेच्या टायरचे तसे नसते. टायरमध्ये हवेचा जितका दाब, साधारण तितकाच दाब तो रस्त्यावर टाकतो; ओझे वाढले की टायर चेपून जास्त जागा व्यापतो. मोटारमालकांची आणि रस्ते खात्याची तक्रार या अर्थाने रास्त होती.

या तक्रारीला राजकीय बाजूही होती. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये रस्तेविकास समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसला आणि १९२९ पासून त्यातून रस्त्यांसाठी वेगळा निधी उभा राहिला. त्या क्षणापासून रस्त्याचा ‘धनी’ बदलला, असे माझे मत आहे. पेट्रोलवाला कर भरतो, बैलवाला भरत नाही, मग रस्ता कोणाचा? गाडी या रस्त्यांहून जुनी होती. पण १९३४ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेसमधल्या चर्चांपासून डिसेंबर १९४३ च्या नागपूर योजनेच्या काळापर्यंत बैलगाडीचे लोखंडी चाक ही सोडवण्याची एक अडचण म्हणूनच पुढे येत राहिले. त्या अडचणीवर उत्तर म्हणून रबराचा टायर पुढे आला. बैलाला सुख द्यावे, हा विचार त्या उत्तराच्या मुळाशी फारसा नव्हता.

गंमत अशी की हवेचा टायर जन्मला जनावराच्याच गाडीसाठी. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश तरुणाने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले आणि त्याची चाके घोडागाड्यांना लावून दाखवली. तेव्हा मोटार नव्हती, सायकलही आजच्या रूपात नव्हती; कल्पना विसरली गेली. पुढे १८८८ मध्ये ती पुन्हा शोधली जॉन बॉइड डनलॉप याने, मुलाच्या तीनचाकी सायकलचे धक्के कमी व्हावेत म्हणून. हा डनलॉप बेलफास्टमधला पशुवैद्य होता. त्याच १८८८ सालापासून, बेळगावातल्या सायकलींच्या दुकानापासून, किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात मानली जाते. १९१० मध्ये तो आजच्या सांगली जिल्ह्यात कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर आला आणि त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. तिथून लोखंडी नांगर आला. रबरी चाक मात्र आले लांबून, हुगळीकाठच्या साहागंजमधून, जिथे डनलॉप कंपनीचा कारखाना १९३६ मध्ये सुरू झाला. बैलगाडीसाठी खास टायर तिथून विकले जाऊ लागले आणि कंपनीचे नाव गाडीलाच चिकटले. आजही आमच्याकडे टायर कोणत्याही कंपनीचा असो, गाडी ती ‘डनलॉप गाडी’. दुसरे महायुद्ध पेटले, १९४२ मध्ये मलायातले रबराचे मळे जपानच्या हाती गेले आणि टायर मिळणेच दुरापास्त झाले. त्यामुळे या गाडीचा खरा प्रसार स्वातंत्र्यानंतरचा.

जनावराच्या गाडीच्या टायरला बाजारात ‘एडीव्ही’ म्हणतात. त्याची मापे पाहिली तर एक जुनी गोष्ट हाती लागते: ६.००-१९, ७.००-१९, ८.००-१९. पहिला आकडा टायरच्या जाडीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. एकोणीस इंची रिम १९३० च्या आगेमागेच्या मोटारींना असे. पुढे मोटारींची चाके लहान होत गेली. बैलगाडीने मात्र ते माप सोडले नाही. तेव्हाच्या मोटारी आज संग्राहकांच्या तबेल्यात आहेत आणि त्यांच्या रिमचे माप इस्लामपूरच्या कोणत्याही टायरवाल्याला तोंडपाठ आहे.

डनलॉप गाडीला या दोन जिल्ह्यांत खरी जागा दिली ती उसाने. फलटणजवळच्या साखरवाडीचा खासगी कारखाना आधीचा; १९६० च्या आगेमागे सांगलीचा वसंतदादांचा आणि रेठरे बुद्रुकचा कृष्णा हे सहकारी कारखाने सुरू झाले, मग वाळव्याचा, मग कराडजवळचा सह्याद्री. ऊस हा तोडल्या क्षणापासून बिघडणारा माल आहे. त्यातली साखर फुटून साखर राहत नाही आणि उतारा घटतो; चोवीस तासांत गाळप झाले तर उत्तम. धावेची गाडी ताशी दोन-अडीच मैल चाले आणि टन, फार तर सव्वा टन ऊस नेई. टायरची गाडी त्याच दोन बैलांवर दोन ते अडीच टन नेऊ लागली, काही ठिकाणी तीन. कारखान्याला आणखी काय हवे होते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोन चाकांपैकी बैलाच्या दृष्टीने चांगले कोणते?

टायरचे गुण खरे आहेत. मऊ जमिनीत धावेचे अरुंद चाक रुतते; काळ्या रानात पाऊस पडल्यावर त्याला चिखल लगडतो आणि चाक थाळीसारखे भरीव होते. रुंद टायर तरंगतो. दगडधोंड्यांच्या वाटेवर टायर धक्का पोटात घेतो, तो जुवापर्यंत पोचू देत नाही. शिवाय टायरच्या कण्यात बॉल-बेअरिंग असते. एरंडेलात चिंध्या भिजवून केलेल्या जुन्या वंगणाशी त्याची तुलनाच नको.

पण धावेच्या चाकाचेही गुण होते, ते कोणी मोजले नाहीत. ते साडेचार-पाच फूट उंच असे. टायर अडीच-तीन फुटांचा. चाक जितके मोठे तितका खड्डा त्याला लहान. पक्क्या, कठीण रस्त्यावर तर दोन्हींच्या ओढीत लोक समजतात तेवढे अंतर नाही. आणि उंच चाकामुळे कणा उंच राही, दांडी जवळजवळ आडवी जाई. टायरने कणा खाली गेला. दांडी आता मागून वर चढत बैलाच्या मानेपर्यंत येते. दोनचाकी गाडीत ओझे कण्यावर तोललेले असते ते सपाटीवर. उतार लागला की उसाचा उंच ढीग पुढे कलतो आणि मानेवर येतो. चढ लागला की जू वर उचलले जाऊन गळ्यातली जुपणी आवळते. बहुतेक टायरगाड्यांना ब्रेक नसतो. उतारावर दोन-अडीच टन रोखायचे ते बैलांनी, मानेने आणि खुरांनी, डांबरावर. म्हणून खुरांना पत्री आलीच. (पत्री मारण्याचा हा आवाज आपल्या भागात एकेकाळी वेगळ्या अर्थानेही गाजला, १९४२ नंतरच्या प्रतिसरकारचे लोकांनी ‘पत्री सरकार’ केले.)

आणि बाभळीचा काटा. ज्या झाडाचे पूर्वी चाक होत असे, त्याच झाडाचा काटा आता टायर पंक्चर करतो. रात्री दोन वाजता, भरलेल्या गाडीसह, पाणंदीत.

टायरने ओढ कमी केली, हे निर्विवाद. प्रश्न इतकाच की वाचलेली ताकद गेली कुठे. कायद्यानेच याचे उत्तर लिहून ठेवले आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा. त्याखाली १९६५ मध्ये ओढकाम आणि ओझ्याच्या जनावरांबाबत नियम झाले. त्यांत दोनचाकी गाडीचे कमाल ओझे चाकावरून ठरवले आहे. मोठ्या बैलाला साध्या चाकावर ९०० किलो, हवेच्या टायरवर १३५० आणि बॉल-बेअरिंग असेल तर १८००. एक, दीड, दोन. म्हणजे चाक सुधारले की बैलाला विसावा मिळावा, असे त्या तक्त्यात कुठेच नाही. चाक सुधारले की ओझे त्याच प्रमाणात वाढवावे, असे आहे. बैल जिथे होता तिथेच राहतो. माझ्या दृष्टीने या विषयावरचा हा सर्वांत बोलका दस्तऐवज आहे, आणि तो दयेच्या कायद्याखालचा आहे.

माणसाचेही तेच झाले. धावेची गाडी गाडीवानाची होती. टायरगाडी महाग, कर्ज काढूनही न परवडणारी. म्हणून ती कारखान्याने किंवा मुकादमाने द्यायची आणि हंगामभर भाडे कापून घ्यायचे, ही पद्धत पडली. दुप्पट ऊस एका खेपेत गेल्याने वाहतुकीची मिळकत वाढली, हे गाडीवान नाकारत नाहीत. त्या मिळकतीतून भाडे, पंक्चर, फाटलेल्या टायरला आतून लावायचा गेटर आणि बैलाचे औषध वजा जाते, हेही ते सांगतात. जत भागातल्या एका गाडीवानाने मला हा हिशेब बोटांवर करून दाखवला होता. त्यात बैलाची घट त्याने शेवटी धरली, पण धरली: पूर्वी ज्या वयात बैल शेतीला ठणठणीत असे, त्या वयात आता तो बाजारात जातो.

हा बैल बहुधा खिलार. माणदेशाच्या, आटपाडी-खटावच्या माळावर पोसलेली ही जात चपळ, सडपातळ, वेगासाठी नावाजलेली. खरसुंडीच्या आणि पुसेगावच्या जत्रेत त्याची पारख होते ती चालीवरून. शर्यतीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी आणली, २०२१ च्या डिसेंबरात ती सशर्त उठली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केले. या सात-आठ वर्षांत बैलाच्या वेदनेवर महाराष्ट्रात जेवढे बोलले गेले, त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही उसाच्या गाडीवर बोलले गेले नाही. शर्यतीचा छकडा हलका असतो आणि धाव काही सेकंदांची. मी शर्यतीची वकिली करत नाही. पण बेंदराच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हळद-लोणी लावताना ज्या बैलाच्या मानेवरची खांदेसूज हाताला लागते, तो बैल बहुधा शर्यतीचा नसतो.

बैलगाडीचा विचार करणारे लोक नव्हते असे नाही. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक राहिलेले एन. एस. रामस्वामी यांनी १९७० नंतर हा विषय लावून धरला. देशात एक कोटीहून अधिक बैलगाड्या असताना नियोजनात त्यांचे नावही नाही, हा त्यांचा मुद्दा होता, आणि चाकाइतकाच दोष जुवात आहे, हे त्यांचे निरीक्षण. परंतु सुधारणेचा पैसा आला तो नेहमी चाकावर. चाकाने खेप वाढते. चांगल्या जुवाने फक्त बैलाचा खांदा वाचतो.

म्हणून २०२२ मध्ये इस्लामपूरजवळच्या राजारामबापू तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनी जे केले, त्याची दखल मला या इतिहासात घ्यावीशी वाटते. त्यांनी उसाच्या गाडीच्या दांडीला पुढे, दोन बैलांच्या मधोमध, एक तिसरे छोटे चाक जोडले. मानेवर उतरणारे ओझे त्या चाकावर घ्यायचे, एवढीच कल्पना. कारखान्याच्या रस्त्यावर रोज गाड्या बघणाऱ्या पोरांना ती सुचली. त्याची छायाचित्रे देशभर फिरली, कौतुक झाले. माझ्या माहितीतल्या या पावणेदोनशे वर्षांत ओझे न वाढवता केवळ मानेसाठी जोडलेले हे पहिले चाक.

ते गावोगाव पोचायच्या आतच गाडीपुढचा बैल मात्र जाऊ लागला आहे. लहान ट्रॅक्टरमागे टायरगाड्याच जोडायची पद्धत आता सर्रास झाली असून कारखान्यांच्या वाहनयादीत ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी यांच्या जोडीला ‘अंगद’ नावाचा नवा रकाना आला आहे. त्या गाडीला तीच एकोणीस इंची रिम असते.

आणि धावेची चाके? पुणे-बंगळूर महामार्गावर कराडच्या अलीकडे-पलीकडे हॉटेलांच्या आवारात ती भिंतीला टेकवून ठेवलेली दिसतात, तेलरंग दिलेली. मी थांबलो की हात लावून बघतो. वर्षानुवर्षे पाणी न लागल्याने पुठे आकसलेले असतात आणि धाव हाताने गोल फिरते.